ख्रिस्ती कुटुंबाच्या घरचे इंटरनेट: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम सुरू. नमुन्याला एक घर धरले आहे: आजी, आई-वडील, पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा आणि सात वर्षांच्या मुली. उपकरणे सात. चार फोन (आजी, आई, वडील, मोठा मुलगा), दोघी मुलींत मिळून एक टॅब, सगळ्यांचा एक लॅपटॉप आणि एक टीव्ही. सगळे एकाच राउटरवर. मुदत ५ मार्च, म्हणजे राखेचा बुधवार. त्या दिवशी लेन्टचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, वाचन सुरू होईल तेव्हा ही मांडणी बसलेली हवी.

दोन गोष्टी कामाआधीच ठरल्या. मुलांपासून लपवून काहीही बसवायचे नाही. इफिसकरांस ६:४ मध्ये बापांना मुलांना चिरडीस न आणण्याची ताकीद आहे, आणि चोरून वाचलेल्या मेसेजइतके मुलाला दुसरे काही चिरडीस आणत नाही. दुसरे असे की जो नियम मुलांना तोच मोठ्यांना. अपवाद लागला तर तो कारणासह वहीत लिहायचा.

वही कागदाची. प्रत्येक बदलासमोर चार रकाने: तारीख, जुनी सेटिंग, नवी सेटिंग, कारण. सहा महिन्यांनी काही बिघडले की हीच वही कामाला येते.

८ जानेवारी, बुधवार

राउटर. हात लावण्याआधी प्रत्येक सेटिंग पानाचा फोटो घेतला आणि बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवली. मग क्रमाने: ॲडमिन पासवर्ड बदलला (राउटरखालच्या चिकटपट्टीवर छापलेला होता, म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसणारा), फर्मवेअर (राउटरच्या आतली मूळ प्रणाली) अद्ययावत केले, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडण्याची सोय) बंद, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि नवी डब्ल्यूपीए३ मिश्र. शुद्ध डब्ल्यूपीए३ ठेवले तर जुना टीव्ही जोडला जात नाही.

घरी प्रार्थनासभा असते तेव्हा येणाऱ्यांसाठी वेगळे पाहुणे नेटवर्क उघडले, त्याचा पासवर्ड वेगळा. त्यामुळे घरचा पासवर्ड फिरत नाही आणि पाहुण्यांच्या फोनला घरातली उपकरणे दिसत नाहीत.

वायफायचे नाव बदलले नाही. नाव बदलले की सातही उपकरणे नव्याने जोडावी लागतात, आणि मिळत काहीच नाही.

११ जानेवारी, शनिवार

फिल्टर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ती सेवाच अशी निवडायची की अश्लील आणि घातक साइटांचा पत्ता ती सांगणारच नाही. सुरुवात क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबांसाठीच्या सेवेपासून केली. ही २०२० पासून विनामूल्य आहे. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारे) आणि वॅन (बाहेरच्या जोडणीचे) या दोन्ही पानांवर पत्ते भरले: १.१.१.३ आणि १.०.०.३. शेवटचा आकडा नीट पाहावा. १.१.१.२ भरले तर फक्त घातक साइटा अडतात, अश्लील नाही. १.१.१.१ भरले तर काहीच अडत नाही.

दोन्ही रकान्यांत फिल्टरवालेच पत्ते हवेत. पहिल्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात सवयीने ८.८.८.८ (गूगलचा बिनफिल्टरचा डीएनएस) ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. दुसरा पत्ता फक्त पहिला बंद पडल्यावर वापरला जातो असा समज आहे. उपकरणे तसे बंधन पाळत नाहीत, दोन्हींना विचारतात. मग एखादी साइट कधी अडते, कधी उघडते, आणि घरचे म्हणतात फिल्टर बिघडला.

चाचणीसाठी खरी वाईट साइट उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने त्यासाठीच नाव ठेवले आहे: न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम. फिल्टर चालू असेल तर या नावाचे उत्तर ०.०.०.० असे येते. लॅपटॉपवर पहिल्यांदा साइट अडली नाही, कारण जुने उत्तर साठवलेले होते. वायफाय बंद-चालू केले, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला, मग अडली.

वडिलांच्या फोनवर मात्र तरीही अडली नाही. तासभर शोधल्यावर कारण मिळाले: राउटर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) देत होता, आणि त्यासोबत सेवा पुरवठादाराचा बिनफिल्टरचा डीएनएस वाटत होता. फोन आधी त्यालाच विचारत होता. आयपीव्ही६ च्या पानावर २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरले. आता वडिलांच्या फोनवरही साइट अडली. ज्या राउटरवर आयपीव्ही६ चा डीएनएस बदलता येत नाही तिथे आयपीव्ही६ च बंद करावे. घरगुती वापरात त्याने सहसा काही अडत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

फिल्टरला फटी कुठे आहेत, हे आज तपासले. मुलांनी शोधण्याआधी आई-वडिलांना त्या माहीत असाव्यात.

पहिली फट ब्राउझरमध्ये. काही ब्राउझर राउटरला न विचारता स्वतःच कूटबद्ध डीएनएस वापरतात. ते पोर्ट ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेब वाहतुकीतूनच जाते, त्यामुळे राउटरला वेगळे ओळखू येत नाही. लॅपटॉपच्या दोन्ही ब्राउझरांत 'सुरक्षित डीएनएस' हा पर्याय बंद केला. लॅपटॉपवर मुलांचे खाते साधे ठेवले, ॲडमिनचे नाही.

दुसरी अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये. ती सेटिंग अँड्रॉइड ९ पासून आहे. 'ऑटोमॅटिक' ठेवली तर फोन राउटरचे ऐकतो. कोणी त्यात दुसऱ्याच सेवेचे नाव भरले तर घरचा फिल्टर गेला. पण हीच फट उपयोगाचीही आहे. तिथे 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' हे नाव भरले की फिल्टर फोनबरोबर घराबाहेर जातो, मोबाइल डेटावरही चालतो. मोठ्या मुलाच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही फोनवर भरले. त्रास एकच: काही सार्वजनिक वायफायवर लॉगिनचे पान उघडत नाही आणि फोन 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही' असे सांगतो. तेवढ्यापुरते 'ऑटोमॅटिक' करून नंतर नाव परत भरायचे.

तिसरी, आयफोनवरची प्रायव्हेट रिले. पैसे भरून घेतलेल्या आयक्लाउडमध्ये ती मिळते आणि चालू असेल तर सफारीचे डीएनएस बाहेरूनच फिरते. सेटिंगमध्ये त्या वायफायपुरती बंद करता येते.

व्हीपीएनसमोर, म्हणजे सगळी वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सेवेसमोर, डीएनएस फिल्टर टिकत नाही. तिथे उपाय राउटरवर नाही, ॲप बसवण्याच्या परवानगीवर आहे.

वहीत ठळक लिहिले: हा फिल्टर चुकून समोर येणाऱ्या गोष्टी अडवतो. ठरवून शोधणाऱ्याला तो फक्त उशीर लावतो. हे आई-वडिलांना आधी सांगितले नाही तर ते फिल्टर बसवून निश्चिंत होतात, आणि मुलाशी बोलणे राहून जाते.

१६ जानेवारी, गुरुवार

शोधातली चित्रे. डीएनएसला साइटचे नाव तेवढे कळते, पानावर काय आहे ते कळत नाही. त्यामुळे शोधयंत्राने स्वतःच्या पानावर दाखवलेले चित्र त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी शोधयंत्राचीच सेटिंग. खात्यातून लावता येते, पण खात्यातून बाहेर पडले की सुटते. पक्का मार्ग म्हणजे राउटरच्या नावनोंदीत गूगलच्या शोधाचे नाव २१६.२३९.३८.१२० या पत्त्याला बांधणे. या राउटरमध्ये तशी सोयच नाही, बऱ्याच साध्या राउटरांत नसते.

म्हणून सेवाच बदलली. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो गूगल, बिंग आणि यूट्यूब यांना सुरक्षित मोडमध्ये ठेवतो, आणि व्हीपीएन व प्रॉक्सीच्या साइटाही अडवतो. याची किंमत आहे. सरमिसळ मजकुराच्या मोठ्या साइटा सरसकट बंद होतात, आणि यूट्यूबच्या मर्यादित मोडमध्ये टिप्पण्या दिसत नाहीत व काही निरुपद्रवी व्हिडिओही गळतात. मंडळीची (चर्चची) थेट उपासना या मोडमध्ये दिसते की नाही ते शनिवारीच पाहून ठेवायचे. रविवारी सकाळी, आजी टीव्हीसमोर बसलेल्या असताना सेटिंगशी झटापट नको.

आयपीव्ही६ चे पत्ते बदलायचे राहिले असते तर पुन्हा शनिवारचाच घोळ झाला असता. या घरात आता आयपीव्ही६ बंद केले.

२१ जानेवारी, मंगळवार

खाती. मुलींच्या टॅबवर फॅमिली लिंक, म्हणजे गूगलचे पालकांसाठीचे देखरेखीचे ॲप. धाकटीचे खाते आधी खोट्या जन्मसालाने काढलेले होते, त्यात ती मोठी माणूस ठरली होती. परिणाम असा की जाहिराती, सुचवण्या, वयाचे बंधन सगळे मोठ्यांचे. ते खाते बंद करून खऱ्या जन्मतारखेने नवे काढले. जन्मतारीख खोटी लिहिण्याची सवय पालकांकडूनच लागते, आणि सगळे वयाधारित संरक्षण त्या एका आकड्यावर उभे असते. व्हॉट्सॲपची किमान वयोमर्यादा १३ आहे, त्यामुळे दोघींचे व्हॉट्सॲप नाही. नातेवाइकांशी बोलायचे तर आईच्या फोनवरून.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या खात्यावर देखरेख त्याच्या संमतीनेच लावता येते. ती मागितली, कोणते पर्याय चालू होणार ते त्याच्यासमोर एकेक वाचले. नवे ॲप बसवायला परवानगी लागेल, हे त्याने मान्य केले. ठिकाण दाखवणे नको म्हणाला, ते बंद ठेवले.

दैनंदिन मर्यादा संपल्यावर बायबलचे ॲपही बंद पडत होते. ते 'नेहमी चालू' यादीत घातले. आयफोन असलेल्या घरात हेच काम स्क्रीन टाइममधल्या त्याच नावाच्या यादीत होते. स्क्रीन टाइमचा चार आकडी संकेतांक फोन उघडण्याच्या संकेतांकापेक्षा वेगळा हवा, कारण तो मुलांना पाठ असतो.

२५ जानेवारी, शनिवार

कौटुंबिक प्रार्थनेची वेळ: रात्री ८ ते ८:४५. या वेळात मनोरंजन थांबवायचे. राउटरच्या वेळापत्रकात सगळे वायफायच बंद होईल असे लावले.

पहिल्याच रात्री चार गोष्टी बिघडल्या.

आठ वाजून गेले तरी टीव्हीवरचा व्हिडिओ चालूच. बरेच राउटर वेळापत्रकाचा नियम नव्या जोडण्यांना लावतात, आधीच जुळलेली जोडणी तोडत नाहीत. शिवाय व्हिडिओचा पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. नियम ७:५५ ला सुरू केला, म्हणजे आठपर्यंत बहुतेक साठा संपतो. टीव्ही मात्र हाताने बंद करायचा. ते काम धाकटीकडे दिले.

आजींना बायबल उघडेना, कारण त्यांचे ॲप इंटरनेटवरूनच वाचन आणते. म्हणजे ज्या कामासाठी वेळ राखली तेच बंद.

घरात मोबाइलचा सिग्नल कमी आहे आणि कॉल वायफायवरून येतात. वायफाय गेले तसे कॉलही गेले. आजारी माणसाच्या घरी हे चालणार नाही.

चौथे घड्याळाचे. वीज जाऊन आली, राउटर सुरू झाला, पण इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० होता. तोवर कुठलाच नियम लागू नव्हता. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू असल्याची आणि वेळेचा पट्टा बरोबर असल्याची खात्री केली. काही राउटर वेळापत्रक यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजतात, तिथे स्थानिक वेळेचा फरक वजा-बेरीज करून लिहावा लागतो.

२६ जानेवारी, रविवार

कालची रचना मोडून नवी केली. पूर्ण वायफाय बंद नाही. उपकरणांचा गट केला: टीव्ही, टॅब, लॅपटॉप, मोठ्या मुलाचा फोन, आणि आई-वडिलांचे फोनही. आजींचा फोन गटाबाहेर, आणीबाणीचा कॉल त्यावर येईल. त्याचा नंबर जवळच्या नातेवाइकांना आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) दिला. अपवाद वहीत लिहिला, कारणासह.

गटातून मोठ्या मुलाचा फोन संध्याकाळी आपोआप गळाला. त्यात त्याचा दोष नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न सांगता बनवलेला सांगतात, आणि नेटवर्क विसरून पुन्हा जोडले किंवा फोन रीसेट केला तर तो बदलू शकतो. राउटर मग त्याला नवे उपकरण समजतो. ओळखायची खूण अशी: पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला आहे. घरच्या वायफायपुरते 'फोनचा मॅक वापरा' असे निवडले. बाहेरच्या वायफायवर बनवलेलाच राहू द्यावा, तो खाजगीपणासाठी चांगला.

चार्जिंगची जागा बैठकीच्या खोलीत, एकाच पट्टीवर. झोपण्याच्या खोलीत फोन नाही, मोठ्यांचाही नाही. हा नियम बहुतेक घरांत चौथ्या दिवशी मोडतो, आणि मोडतो गजरामुळे: उठायला फोन लागतो म्हणून तो उशाशी जातो. तीन साधी गजराची घड्याळे ठेवली. या सगळ्या प्रकल्पात इतक्या कमी कष्टात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाचन इंटरनेटविना चालावे यासाठी. बायबलच्या ॲपमध्ये आवृत्ती उतरवून घ्यावी लागते, आपोआप होत नाही. प्रत्येक आवृत्ती उतरवता येत नाही, ते प्रकाशकाच्या परवानगीवर असते. आजींची आवडती आवृत्ती उतरते का ते आधी पाहिले. चाचणी: विमान मोड लावायचा, ॲप पूर्ण बंद करून उघडायचे आणि कधीही न उघडलेला अध्याय काढायचा. कालच वाचलेला अध्याय साठवणीतून दिसतो आणि फसवतो. आम्ही बायबलमधल्या नहूमाच्या पुस्तकातला काढला.

आजींना ऐकायचे असते. पूर्ण बायबलचे ध्वनिमुद्रण साधारण ७० ते ८० तासांचे. सेकंदाला ६४ किलोबिट दर्जाचे धरले तर तासाला २८.८ एमबी, म्हणजे सगळे मिळून २ ते २.३ जीबी. त्यांच्या फोनमध्ये तेवढी जागा नव्हती. स्तोत्रे आणि चार शुभवर्तमाने (येशूचे चरित्र सांगणारी पुस्तके) एवढेच उतरवले.

लेन्टचे वाचन: ५ मार्च ते १९ एप्रिल, रविवार धरून ४६ दिवस. चार शुभवर्तमानांचे अध्याय २८, १६, २४ आणि २१, मिळून ८९. रोज दोन वाचले तर ९२ होतात, म्हणजे दीड दिवसाची सवड राहते. वर्षभराचे वाचन हवे असेल तर ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय: सोमवार ते शनिवार तीन आणि रविवारी पाच, आठवड्याला २३, बावन्न आठवड्यांत १,१९६. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, तिथे हिशोब वाढेल.

ॲपमधली सलग दिवसांची मोजणी बंद केली. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि मुले वाचनच सोडतात. त्याऐवजी सामाईक कॅलेंडरमध्ये त्या दिवसाचे दोन अध्याय लिहिले. सूचना फक्त एक, ७:५० ची.

९ फेब्रुवारी, रविवार

घरून उपासना. आजारपणात किंवा वय झालेल्यांना मंडळीत जाता येत नाही, तेव्हासाठी. टीव्हीवर सेकंदाला ३ मेगाबिटचे चित्र दीड तास चालले तर २,०२५ एमबी, सुमारे २ जीबी. मोबाइल डेटावर असणाऱ्यांनी चित्राचा दर्जा सेकंदाला १ मेगाबिटपर्यंत खाली आणावा, तेवढ्याच वेळात ६७५ एमबी. आवाज महत्त्वाचा, चित्र थोडे अस्पष्ट चालते.

ऑटोप्ले बंद. आशीर्वाद संपतो न संपतो तोच पुढचा कसलाही व्हिडिओ सुरू होणे फार वाईट वाटते. टीव्हीवर, फोनवर आणि लॅपटॉपवर ते वेगवेगळे बंद करावे लागते.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून गीत गाणे जमत नाही, ते सेटिंगने सुधारणारही नाही. एकत्र गाताना ताल राखायला आवाजातला उशीर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत हवा, कॉलमध्ये तो कितीतरी जास्त असतो. एका घराने गावे, बाकीच्यांनी मायक्रोफोन बंद करून त्यांच्याबरोबर म्हणावे. वाद्याचा लांब सूर मध्येच तुटत असेल तर कारण गोंगाट कमी करणारी सोय आहे. सतत चालणारा सूर तिला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' लावले की सूर टिकतो. झूमच्या विनामूल्य योजनेत सभा ४० मिनिटांनी तुटते, म्हणून शेवटची प्रार्थना ३५ व्या मिनिटाला सुरू करावी किंवा दुसरा दुवा आधीच पाठवून ठेवावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थना विनंत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. या कामावर सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. राउटर बिघडला तर एक संध्याकाळ जाते. प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट भलतीकडे पोहोचली तर तो माणूस पुन्हा कधीच काही सांगत नाही.

असे घडते कसे? एखादी बहीण एकाला विश्वासाने सांगते. तो 'प्रार्थना करा' म्हणून ग्रुपवर टाकतो: पूर्ण नाव, आजाराचे नाव, दवाखाना, खाट क्रमांक, तपासणी अहवालाचा फोटो. दोनशे जणांच्या ग्रुपमधून ते दुसऱ्या मंडळीच्या ग्रुपवर जाते. तासाभरात ती बातमी तिच्या कामाच्या ठिकाणी. हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो.

ठरवलेली रीत:

विनंती थेट ग्रुपवर नाही, एका ठरलेल्या व्यक्तीकडे. ती त्या माणसालाच विचारते: 'ग्रुपवर सांगू का? किती सांगू?' दुसऱ्याच्या वतीने आलेली विनंती विचारल्याशिवाय पुढे नाही. मजकूर दोन ओळींचा, फक्त पहिले नाव किंवा 'आपली एक बहीण'. आजाराचे नाव माणसाने स्वतः सांगितले तरच. अहवाल, फोटो, पत्ता कधीच नाही. देवाला खाट क्रमांक लागत नाही.

ग्रुपमध्ये संदेश फक्त ॲडमिन पाठवतील अशी सेटिंग. अदृश्य होणारे संदेश सात दिवसांवर (पर्याय २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे तीन आहेत). ग्रुपची सेटिंग बदलण्याचा अधिकारही ॲडमिनपुरता ठेवला, एरवी कोणताही सदस्य अदृश्य होण्याची सोय बंद करू शकतो. पुढे पाठवलेला, स्क्रीनशॉट घेतलेला किंवा फोनमध्ये जपून ठेवलेला संदेश मात्र राहतोच, हे सदस्यांना स्पष्ट सांगितले.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मंडळी मोठी असेल तर कम्युनिटीचा घोषणा ग्रुप बरा, तिथे नंबर फक्त ॲडमिनला दिसतात. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते' हे 'माझे संपर्क' वर आणले.

उत्तर मिळालेल्या प्रार्थना घरच्या वहीत लिहायच्या. सात दिवसांनी ग्रुपमधून सगळे जाते, उपकारस्तुती जायला नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पासवर्ड. घरातल्या नऊ खात्यांपैकी चारांना एकाच वचनाचा संदर्भ होता. पुस्तकाचे नाव, अध्याय, ओवी: हा साचा पासवर्ड तोडणाऱ्यांच्या याद्यांत कधीचाच आहे. बायबलमध्ये अध्याय १,१८९ आणि ओव्या सुमारे ३१,००० आहेत, यंत्राला तेवढे डोळ्याचे पाते लवेपर्यंतचे काम. प्रसिद्ध ओवीची आद्याक्षरेही सुरक्षित नाहीत.

फाशांची पद्धत वापरली. पाच फासे टाकायचे, पाच आकड्यांच्या क्रमाने यादीतला शब्द घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, म्हणून प्रत्येक शब्दाने शक्यता ७,७७६ पटीने वाढतात. असे सहा शब्द मुख्य ईमेलला आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपला. बाकीचे ॲपच बनवते. गूगलचे आठ आकडी दहा बॅकअप कोड छापून बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवले. ती फाइल घरात कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि ती कोणी टाकून देत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाळकांच्या नावाने येणारे खोटे संदेश. ढब ठरलेली: नवा नंबर, पाळकांचा फोटो, 'मी सभेत आहे, फोन करू नका', गरजू कुटुंबाला तातडीची मदत, गिफ्ट कार्डचे कोड पाठवा, कोणाला सांगू नका. चार खुणा आहेत: नवा नंबर, घाई, फोन करायला मनाई, गुप्तता. दोन जरी दिसल्या तरी थांबायचे आणि पाळकांच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. ओशाळे वाटायचे कारण नाही, पाळकांनाही तेच हवे असते. मंडळीने वर्षातून दोनदा उपासनेतल्या सूचनांच्या वेळी सांगावे की पाळक मेसेजवर पैसे मागणार नाहीत.

आवाजाची नक्कल आता सहज होते, म्हणून घरचा एक परवलीचा शब्द ठरवला. तो कुठेही लिहिलेला नाही, या वहीतही नाही. बायबलमधलाही नाही.

आजींच्या व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला. 'चुकून तुमच्याकडे कोड आला, पाठवाल का' असे ओळखीच्या नंबरवरून आले तरी पाठवायचा नाही. तो त्यांच्याच खात्याचा कोड असतो, आणि ओळखीचे खाते आधीच गेलेले असते. दानाचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारे नाव मंडळीच्या खात्याचे आहे का, ते वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही. छापील कोडवर दुसरा चिकटवणे मिनिटभराचे काम आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फोटो. कॅमेऱ्यातले ठिकाण नोंदवणे सगळ्या फोनवर बंद. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर आतली ठिकाणाची नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. रविवारच्या शाळेतला सामूहिक फोटो उघड पानावर टाकण्याआधी प्रत्येक मुलाच्या पालकांना विचारायचे. एकाने नाही म्हटले तर दुसरा फोटो निवडायचा, चेहऱ्यावर चिकटचित्र लावून तो एकटा पाडायचा नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आजींनी स्वतः विचारले, माझ्या फोनमधले फोटो नंतर कोणाला मिळतील? गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत निवडता येते आणि दहापर्यंत विश्वासू माणसे देता येतात. आजींनी ६ महिने निवडले, नाव आईचे दिले. न ठरवता राहिले आणि दोन वर्षे कोणी खाते उघडले नाही तर गूगल ते पुसू शकते. ॲपलवर हीच सोय वारसा संपर्क म्हणून आहे, पाचपर्यंत नावे. पण त्या व्यक्तीकडे प्रवेश किल्ली असावी लागते, म्हणून ती छापून फाइलमध्ये.

१ मार्च, शनिवार

पूर्ण फेरतपासणी. सात उपकरणांवर फिल्टर: सहा बरोबर, टीव्ही नाही. टीव्हीला लावलेले प्रक्षेपणाचे उपकरण राउटरचे न ऐकता थेट ८.८.८.८ ला विचारत होते. राउटरवर नियम घातला की पोर्ट ५३ ने (डीएनएसच्या नेहमीच्या वाटेने) बाहेर फक्त फिल्टरच्या दोन पत्त्यांकडे जाता येईल. उपकरणाने मुकाट्याने राउटरचा डीएनएस घेतला.

लॅपटॉपवर मुलीच्या अभ्यासाची एक साइट अडलेली आढळली. अपवादाची यादी विनामूल्य सेवेत नाही. आईच्या फोनवर मोबाइल डेटाने, शेजारी बसून उघडायची. महिन्यात अशा तीनपेक्षा जास्त अडचणी आल्या तर सौम्य फिल्टरकडे परत जायचे, अशी मर्यादा वहीत लिहिली.

४ मार्च, मंगळवार

वही कुटुंबाकडे दिली. पहिल्या पानावर राउटरचा पत्ता, ॲडमिन पासवर्डचे पाकीट कुठे आहे ते, आणि फिल्टर बंद पडून सगळेच इंटरनेट थांबले तर काय करायचे त्याच्या चार पायऱ्या. मोठ्या मुलाने त्या पायऱ्या एकदा स्वतः करून दाखवल्या. पुढे देखभाल तोच पाहणार आहे.

रात्री ७:५० ला सूचना वाजली, ७:५५ ला जोडण्या थांबल्या, आठला धाकटीने टीव्ही बंद केला. विमान मोडमध्ये मत्तय १ आणि २ चारही फोनवर उघडतात हे पाहून घेतले. फर्मवेअर आणि अपवादांची पुढची तपासणी २१ एप्रिलच्या आठवड्यात.